एकट्याची धाव आणि आत्मसंरक्षण

मोकळ्यावर एकट्याने धावणाऱ्याला तीन बाजूंनी धोका असतो: वाहनाकडून, जनावराकडून आणि माणसाकडून. भीती मात्र नेमकी उलट्या क्रमाने वाटते. झुडपाआड दबा धरून बसलेला अनोळखी माणूस सगळ्यांच्या मनात असतो. मागून भरधाव येणारा टेम्पो फार थोड्यांच्या. आत्मसंरक्षणाचा विचार करताना हा क्रम आधी सरळ करून घ्यावा लागतो. हाणामारीचे डाव हा त्यातला शेवटचा आणि सर्वांत लहान भाग आहे.

पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावर बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्यामध्ये घोरावाडी हे छोटे स्थानक आहे. उत्तरेला इंद्रायणी, दक्षिणेला पवना. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून लोहमार्ग आणि जुना मुंबई–पुणे महामार्ग जवळजवळ हातात हात घालून जातात. गहुंजे–उर्से बाजूने द्रुतगती मार्ग जातो. महामार्गाला लागूनच घोरावडेश्वराचा डोंगर आहे. त्याच्या पोटात बौद्ध लेणी आहेत, एका लेण्यात महादेव आहे, आणि भंडारा व भामचंद्र डोंगरांबरोबर याही डोंगराचे नाव तुकाराममहाराजांच्या एकांताशी जोडले जाते. आता तिथे पहाटेपासून पायऱ्यांवर गर्दी असते. सोमाटणे, तळेगाव, देहूरोड या भागांत गृहसंकुले वाढली तसे हौशी धावपटू वाढले. त्यांच्या आधीपासून इथे धावत आहेत ती भरतीची मुले-मुली. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर ठरावीक वेळेत धावावे लागते. गावात मैदान नसले की डांबरी रस्ता हेच मैदान. इथे अर्ध्या तासाच्या धावेत हमरस्ता, सर्व्हिस रोड, शेताकडेची पाणंद आणि डोंगराची पायवाट असे चारही प्रकार लागू शकतात, आणि प्रत्येक ठिकाणचा धोका वेगळा असतो.

सगळ्यांत मोठा धोका रस्त्यावरचा. जानेवारी 2025 मध्ये बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या तरुणांना एसटी बसने चिरडले, तिघे गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गडचिरोलीजवळच्या काटली गावात पहाटे रस्त्यावर व्यायाम करणाऱ्या मुलांवर ट्रक गेला. चार मुले दगावली. मार्च 2023 मध्ये मुंबईत वरळी सी-फेसवर सकाळी धावणाऱ्या एका अनुभवी महिला धावपटूचा भरधाव मोटारीच्या धडकेत मृत्यू झाला. शंभरी उलटल्यावर मॅरेथॉन धावलेले फौजा सिंग 114 व्या वर्षी, जुलै 2025 मध्ये, जालंधरजवळच्या आपल्या गावाबाहेर वाहनाच्या धडकेनेच गेले. यातली काही माणसे घोळक्यात होती. सोबत असली की माणसाचा धोका घटतो, वाहनाचा घटतोच असे नाही.

हे का घडते ते साध्या हिशेबाने कळते. ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर 25 मीटर तिथेच सरले. कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी 20 मीटर लागतात. म्हणजे एकूण 45. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. गडद कपड्यातला माणूस खाली झुकवलेल्या हेडलाइटच्या उजेडात 25-30 मीटरवर आल्याखेरीज नीट दिसत नाही. चालकाला दिसेपर्यंत वेळ गेलेली असते, मग तो कितीही सज्जन असो. प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या मात्र शंभर मीटरच्या पलीकडूनही चमकतात. त्या छातीवर असाव्यात, आणि घोट्यांवर नक्कीच असाव्यात. वरखाली हलणारी चमक पाहिली की हा माणूस आहे, दगड किंवा खांब नव्हे, हे चालकाला लगेच उमगते.

पहाट म्हणजे उजेड नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवे. जूनच्या सुरुवातीला पुणे परिसरात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. वर्षभर साडेपाचला निघणारा धावपटू थंडीत पूर्ण काळोखात धावत असतो. त्यात मावळातले धुके आणि रात्रभर गाडी हाकून पेंगुळलेले चालक. थंडीपुरती वेळ तासभर पुढे ढकलणे हा या सगळ्या लेखातला बहुधा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावावे. उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर मात्र आतल्या कडेचा माणूस चालकाला शेवटपर्यंत दिसत नाही. तिथे वळणाआधीच रस्ता ओलांडून बाहेरच्या कडेला जावे. पुस्तकी नियमाला आपल्याकडे एक पुरवणी जोडावी लागते: सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने दामटल्या जाणाऱ्या दुचाकी. त्यांच्यामुळे तोंड समोर असले तरी पाठ मोकळी राहत नाही, आणि अधूनमधून मागे वळून पाहण्याला पर्याय उरत नाही. द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यांना बंदीच आहे. लोहमार्गावरून चालणे रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण खरे कारण दंडाचे नाही. विजेवरची गाडी समोरून येताना फार आवाज करत नाही, आणि एका रुळावरची मालगाडी दुसऱ्या रुळावरच्या लोकलचा आवाज पूर्ण गिळून टाकते.

इथेच हेडफोनचा प्रश्न येतो. मागून काय येत आहे हे धावणाऱ्याला डोळ्यांआधी कान सांगतात: टायरचा आवाज, कुत्र्याचे नख, पावलांची लय. दोन्ही कान बुजवून धावणारा आपली अर्धी राखण घरी ठेवून निघालेला असतो. संगीताशिवाय पाय उचलतच नसतील तर एका कानाला, हळू आवाजात, आणि तेही वर्दळीच्या भागात. डोंगरावर आणि रुळांजवळ नाही.

पूल आणि ओढे हा मावळाचा खास धोका. घोरावाडीपासून जवळच इंद्रायणीवर कुंडमळा येथे 15 जून 2025 रोजी जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण दगावले. पूल धोकादायक असल्याचे आधीच ठाऊक होते. धोक्याची पाटी लावलेला साकव, पाण्याखाली गेलेला फरशी पूल किंवा गुडघाभर वाहणारा ओढा धावेच्या नादात ओलांडू नये. आल्या वाटेने परत फिरल्याने फार तर घड्याळातले किलोमीटर बिघडतात.

जनावरांच्या बाबतीत नियम प्राण्यागणिक बदलतो, आणि एकासाठीचा उपाय दुसऱ्यासमोर घातक ठरतो. कुत्र्यापुढून पळू नये. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा त्याचा स्वभावच. टपरीमागे मुटकुळे करून झोपलेला कुत्राही पळत्या पोटऱ्या दिसल्या की उठतो. धाव थांबवून चालीवर यावे, अंग थोडे तिरके करावे, नजरेला नजर भिडवू नये आणि जाड आवाजात हाड म्हणावे. गावठी कुत्र्यासमोर खाली वाकून दगड उचलण्याचा नुसता आव आणला तरी तो बहुधा दहा पावले मागे हटतो. हे ज्ञान त्याला पिढीजात आहे. पिल्ले असलेली कुत्री मात्र हटत नाही. तिच्यापासून लांबच्या वाटेने जावे.

चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण रेबीजचा विषाणू जखमेतच कमी करण्याचा हा सर्वांत प्रभावी उपाय आहे. हळद, चुना, मिरची काही भरू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी. दंडात दिल्या जाणाऱ्या लशीच्या नेहमीच्या वेळापत्रकात पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मात्रा असतात. कातडी फाटून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, आणि ते आपणहून विचारून घ्यावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

बिबट्याची गोष्ट निराळी. पुणे जिल्ह्यात जुन्नर भाग त्यासाठी गाजलेला असला तरी मावळातही बिबट्या आहे, आणि सांजेपासून पहाटेपर्यंत तो हिंडतो. समोर आलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये आणि वाकू तर अजिबात नये. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला चार पायांच्या भक्ष्यासारखा दिसतो. कुत्र्यासमोर जे काम करते तेच इथे जिवावर बेतू शकते. हात वर करून अंग मोठे दाखवावे, मोठ्याने बोलत राहावे आणि सावकाश मागे सरत त्याला निघून जायला वाट द्यावी. वनविभागाचा मदत क्रमांक 1926 आहे.

मावळातल्या लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळे लटकतात, आणि या माश्या उठल्या तर फक्त पळायचे. थांबून हात झाडले की डंख वाढतात. टी-शर्ट किंवा रुमाल डोक्यावर ओढून, डोळे आणि नाक झाकून, बंद खोली किंवा गाडी मिळेपर्यंत सरळ धावत सुटावे. पाण्यात उडी मारण्यात अर्थ नाही. माश्या वर घिरट्या घालत वाट पाहतात. रुतलेली नांगी नखाने किंवा कार्डाने ताबडतोब खरवडून काढावी. अनेक डंख झाले किंवा घसा आवळल्यासारखा वाटू लागला तर 108 वर रुग्णवाहिका मागवावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप या भागात आढळतात, म्हणून अंधारात गवताळ पाणंदीवर विजेरीशिवाय धावू नये. दंश झाला तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे काही न करता पाय हलू न देता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे.

आता माणूस. हल्लेखोराचा हेतू तीनपैकी एक असतो: वस्तू, छेड किंवा शरीर. वस्तूसाठी आलेला घाईत असतो. सकाळी फिरणाऱ्या बायकांच्या गळ्यातले मंगळसूत्र दुचाकीवरून खेचण्याची पद्धत साऱ्या पुणे परिसराला ठाऊक आहे. पत्ता विचारण्याच्या निमित्ताने गाडी हळू होते, मागचा हात घालतो, आणि गळा कापला जातो किंवा बाई फरफटत पडते. दुखापत पुष्कळदा चोरीहून मोठी असते. सोने घरी ठेवावे. गळा मोकळा ठेवणे मनाला पटत नसेल तर काळ्या मण्यांची साधी पोत पुरते, हा तोडगा बायकांनी केव्हाच काढलेला आहे. पत्ता विचारणाऱ्याला दोन हात लांबूनच उत्तर द्यावे. न दिले तरी चालते. चाकू दाखवून फोन मागितला तर फोन द्यावा, तोही हातात न देता एका बाजूला दूर भिरकावून दुसऱ्या बाजूला पळावे.

शरीरासाठी आलेल्यासमोर मात्र गप्प राहण्याचा जुना सल्ला चुकीचा ठरला आहे. प्रतिकार केला तर तो चिडून अधिक इजा करील, असे पूर्वी सांगत. अभ्यासांतून दिसते ते उलट: ओरडणे, झटापट करणे आणि निसटणे यांमुळे हल्ला अपुरा राहण्याची शक्यता बरीच वाढते. कॅनडातील विद्यापीठांत शार्लीन सेन यांनी घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. बारा तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थिनींत वर्षभरात बलात्काराचे प्रमाण 5.2 टक्के राहिले, फक्त माहितीपत्रके मिळालेल्यांत 9.8 टक्के. या प्रशिक्षणात मारामारीइतकाच भर धोका वेळेत ओळखण्यावर आणि नाही म्हणण्याचा संकोच मोडण्यावर होता. आपल्याकडे या संकोचाचे ओझे जास्त आहे. वयाने मोठा माणूस वाटेत थांबवून बोलू लागला की न थांबणे उद्धटपणाचे वाटते. तो उद्धटपणा करावा.

झटापटीत शिकण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. मनगट पकडले गेले तर पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या दिशेने झटका द्यावा. चार बोटांपेक्षा एकटा अंगठा दुबळा असतो. तळहाताचा मनगटाकडचा भाग नाकावर खालून वर मारावा. मुठीने मारू नये, न सरावलेली मूठ स्वतःचीच बोटे मोडून घेते. जवळ ओढले तर कोपर आणि गुडघा, मागून कवेत घेतले तर टाच त्याच्या पावलावर. गळा दाबला जात असेल तर आधी हनुवटी छातीला टेकवावी, म्हणजे श्वासाला जागा राहते. यातले काहीही जिंकण्यासाठी नसते. दोन सेकंदांची फट मिळवायची आणि पळायचे. धावपटूकडे इतरांकडे नसलेले शस्त्र आहे ते पायांतच. म्हणून निर्मनुष्य पट्ट्यात जोरकस इंटरव्हल घेऊन छाती फुटेपर्यंत दमणे शहाणपणाचे नाही. दमसास वस्तीजवळ संपवावा, आडरानात शिल्लक ठेवावा.

सिएटलच्या गोल्डन गार्डन्स पार्कमध्ये मार्च 2017 मध्ये एका महिला धावपटूवर सार्वजनिक स्वच्छतागृहात हल्ला झाला. तीनच आठवड्यांपूर्वी तिने कामाच्या ठिकाणी आत्मसंरक्षणाचा वर्ग केला होता. ओरडत, ओरबाडत ती बाहेर निसटली आणि एका वाटसरूच्या मदतीने हल्लेखोराला आतच अडकवून ठेवले. भर दिवसा, ओळखीच्या मार्गावर, लोक जवळ असताना हे घडले. धाव थांबलेली ती दोन मिनिटेच धोक्याची होती.

ओरडतानाही पद्धत असते. नुसते वाचवा ऐकून प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी जाईल. 1968 मध्ये लाटाने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगांत दिसले की बघे जितके जास्त तितका एकेकाचा मदतीला पुढे येण्याचा संभव कमी. म्हणून एकालाच धरावे: ओ निळ्या शर्टवाले दादा, इकडे या, पोलिसांना फोन लावा. गळ्यात शिट्टी असावी. दम लागलेला असताना आवाज फुटत नाही, शिट्टी वाजते. मिरचीचा फवारा ठेवायचा तर तो हातात, कमरेच्या पिशवीत तळाशी नव्हे. वाऱ्याची दिशा पाहावी आणि मुदत उलटलेली डबी टाकून द्यावी.

रोज त्याच वेळी, त्याच वाटेने जाणे ही पाळत ठेवणाऱ्याची सोय असते. आता ही पाळत मोबाइलवरूनही ठेवता येते. धावेची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून जानेवारी 2018 मध्ये जगभरचे लष्करी तळ उघडे पडले होते. जुलै 2023 मध्ये रशियाच्या क्रास्नोदार शहरात पाणबुडीचा माजी कप्तान सकाळी धावताना मारला गेला. त्याचे मार्ग याच ॲपवर कोणालाही दिसत होते. देहूरोडच्या लष्करी हद्दीजवळ राहणाऱ्यांना यातला अर्थ वेगळा सांगायला नको. नोंद फक्त ओळखीच्यांना दिसेल असे ठेवावे, घराभोवतीचा भाग लपवावा आणि धावेचे फोटो घरी पोहोचल्यावर टाकावेत. घरच्यांना मात्र सगळे ठाऊक हवे: कोणती वाट, परतायची वेळ, आणि उशीर झाला तर किती वेळाने कोणाला फोन करायचा. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. बंद पडलेला फोन बोलत नाही.

पोलिसांसाठी क्रमांक 112. बऱ्याच स्मार्टफोनांत बाजूचे बटण लागोपाठ दाबले की तातडीचा फोन जातो. किती वेळा दाबायचे हे आपल्या फोनवर आधीच पाहून ठेवावे. महिला मदतवाहिनी 181 आहे. तळेगाव, देहूरोड हा भाग 2018 मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आहे, तर वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडे. लांब पल्ल्याच्या एकाच धावेत ही हद्द ओलांडली जाते. त्याची चिंता तक्रारदाराने करायची नाही: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावीच लागते. खबर ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते.

स्वतःच्या बचावासाठी केलेला मार गुन्हा ठरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी हा हक्क लागू होतो. त्याला मर्यादा दोन: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि धोका टळल्यावर हक्क संपतो. पळत सुटलेल्या चोराला गाठून दगडाने ठेचणे हा बचाव नव्हे. फवाऱ्याच्या बाबतीतही हेच. 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका खटल्यात, जिवाला धोका नसताना वापरलेला मिरचीचा फवारा हे घातक हत्यार मानले. पाठलाग करणे हा कलम 78 खाली आणि अश्लील शेरे वा हावभाव हा कलम 79 खाली गुन्हा आहे. अंगाला हात लागेपर्यंत तक्रारीसाठी थांबण्याची गरज नसते.

लैंगिक हल्ला झाला असेल तर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये पुरावा कुजतो. अशा पीडितेवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य आणि तत्काळ उपचार केले पाहिजेत, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 397 सांगते. जबाब महिला पोलीस अधिकारी नोंदवते. बलात्कार आणि ॲसिडहल्ल्यातील पीडितांना आर्थिक साहाय्य व पुनर्वसनासाठी महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे आणि तिचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते.